‘पसरला’ म्हणजे नेमकं काय झालं, हे शोधण्याचं काम

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी मुंबईत लाइफ सायन्सेसच्या एम.एस्सी.ला दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना गालाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं आणि दीड वर्षानं फुफ्फुसात निघाला. डॉक्टर एवढंच म्हणाले की पसरलाय. मला कॅन्सर पसरतो कसा, यावरच पीएच.डी. करायची आहे. घरचे म्हणतात, तू डॉक्टर नाहीस, तुझं तिथं काय काम? प्रत्यक्षात काम काय असतं, किती वर्षं जातात, पैसे किती मिळतात, पुढे नोकरी असते का? आणि अर्जात आजोबांबद्दल लिहू की नको?”

आधी घरच्यांचा प्रश्न घेते, कारण तो मलाही ऐकावा लागला होता. गावी जत्रेला गेले की अजूनही एखादी काकू पदर सावरत जवळ येते आणि म्हणते, “तू कॅन्सरची डॉक्टर ना, ही गाठ बघ गं जरा.” मी गाठ बघत नाही. गाठीतून निसटलेल्या पेशी बघते, त्याही बहुतेक वेळा प्लॅस्टिकच्या ताटलीत. पंचवीस वर्षांत काकूला हा फरक पटवून देणं मला जमलेलं नाही, त्यामुळे तुलाही पहिल्या वर्षात जमेल अशी आशा धरू नकोस.

घरच्यांना कमल रणदिवे यांच्याबद्दल सांग. १९१७ चा जन्म, पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवायचे आणि मुलीनं डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं अशी त्यांची फार इच्छा होती. बाईंनी दोन्ही केलं नाही. एम.एस्सी. केली ती सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींवर, लग्न केलं गणितज्ञाशी. मग मुंबईला येऊन डॉ. व्ही. आर. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळवली. पुढे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेला पेशी (शरीराबाहेर अखंड वाढत राहणाऱ्या माणसाच्या कॅन्सरपेशी) जिथे पहिल्यांदा वाढवल्या गेल्या ती हीच प्रयोगशाळा. तिथून परत येऊन त्यांनी परळला, इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये, देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची प्रयोगशाळा, उभी केली. आज तू ज्या हूडखाली, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटापुढे, बसून पेशींना मीडिया, म्हणजे त्यांचं पातळ खाद्य, घालायला शिकशील, तो या देशात आणण्याची सुरुवात एका बिगरडॉक्टर बाईनं केलेली आहे. पद्मभूषण मिळालं होतं हेही सांग, घरी त्याचा उपयोग होतो.

आणखी एक उदाहरण पाहिजे असेल तर आयझाया फिडलर यांचं घे. या विषयातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, आणि मूळ शिक्षण जनावरांच्या डॉक्टरचं. १९७० मध्ये त्यांनी एक प्रयोग छापला. मेलॅनोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पेशींना किरणोत्सर्गी आयोडीनची खूण लावली, त्या उंदराच्या शिरेत सोडल्या आणि नंतर त्यांचा माग काढला. चोवीस तासांनी जेमतेम एक टक्का पेशी जिवंत होत्या. ज्यांची पुढे नवीन गाठ झाली त्या तर दर हजारी एखादी.

हा आकडा नीट मनात बसव, कारण आपलं सगळं काम त्याच्याभोवती फिरतं. वॉर्डात ‘पसरला’ हा शब्द ऐकला की धरण फुटल्यासारखं चित्र डोळ्यासमोर येतं. मायक्रोस्कोपखाली दिसतं ते बरोबर उलटं. पसरणं कॅन्सरलासुद्धा फार अवघड जातं. पेशीला मूळ गाठीपासून सुटावं लागतं, आजूबाजूचं टिश्यू पोखरत जावं लागतं, शिरेत किंवा लसिकावाहिनीत घुसावं लागतं. रक्ताच्या लोंढ्यात फाटून न जाता टिकावं लागतं, रोगप्रतिकारक पेशींना चुकवावं लागतं, कुठंतरी अडकून बाहेर पडावं लागतं आणि परक्या जागी पुन्हा संसार थाटावा लागतो. बहुतेक पेशी वाटेतच मरतात. काही पोहोचतात, पण नुसत्या पडून राहतात, कधीकधी वर्षानुवर्षं. शेवटची पायरी सर्वांत कठीण आहे, आणि रुग्णाचा जीव बहुधा त्या शेवटच्या पायरीमुळे जातो. थोडक्यात, ज्या थोड्या पेशी जमवून नेतात त्यांच्यात आणि बाकीच्यांत फरक काय, हे शोधायचा पगार आम्हाला मिळतो.

जागेचा प्रश्न तर त्याहून जुना. लंडनचे एक सर्जन, स्टीफन पॅजेट, यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी चाळल्या. यकृतात गाठी वारंवार सापडत होत्या, प्लीहेत क्वचित. दोन्हीकडे रक्त भरपूर जातं, मग असं का? त्यांनी बियाणं आणि जमीन असा दाखला दिला. बी सगळीकडे उडतं, उगवतं ते मानवेल त्या जमिनीत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला लंडनहून कोणी यायला नको होतं, पण कागदावर आकडे मांडून सांगितलं ते पॅजेट यांनी. आता त्या ‘जमिनीवर’ काम करणाऱ्या लॅब बियाण्यावाल्यांपेक्षा कमी नाहीत.

आता रोजचं काम. हा प्रश्न तुला किरकोळ वाटेल, पण खरी निवड इथंच होते.

ट्रान्सवेल नावाची एक छोटी प्लॅस्टिकची वाटी असते, तळाला चाळणीसारखा पडदा. पडद्याची भोकं आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपल्या पेशी साधारण पंधरा-वीस मायक्रॉनच्या. पडद्यावर मॅट्रिजेलचा थर द्यायचा. हा उंदराच्या एका गाठीपासून काढलेला चिकट पदार्थ, टिश्यूतल्या जाळीचं सोंग घेतो. बर्फावर असेपर्यंत पातळ, खोलीच्या तापमानाला आला की थिजायला लागतो. म्हणून टिप्सही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायच्या, प्लेटही बर्फावर. मुंबईत मे महिन्यात एसी बंद पडला की कुपीतलं मॅट्रिजेल डोळ्यांदेखत पिठल्यासारखं घट्ट होतं आणि दोन-तीन हजार रुपये टिपमध्ये अडकून बसतात. वाटीत उपाशी ठेवलेल्या पेशी टाकायच्या, खाली दहा टक्के सीरम (रक्तातला पोषक द्रव) घातलेला मीडिया. खालून खाण्याचा वास येतो म्हण ना. चोवीस तासांनी वाटी काढायची, वर राहिलेल्या पेशी कानात घालायच्या कापसाच्या काडीनं पुसायच्या, खालच्या बाजूला आलेल्या क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवायच्या आणि मोजायच्या. पन्नास हजार टाकल्या तर पलीकडे कधी दोनशे, कधी चारशे. त्या आठ मायक्रॉनमधून जाताना सगळ्यांत जास्त अडतो तो पेशीचा केंद्रक, कारण पेशीत तोच सर्वांत कडक. एकदा लाइव्ह इमेजिंगमध्ये मी एका पेशीचा केंद्रक डमरूसारखा आवळला जाताना पाहिला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे, दीड तास. मग एकदम पलीकडे. त्या रात्री शेवटची पनवेल लोकल चुकली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

हे वाचून तुला हात शिवशिवले असतील तर पुढे वाच. एवढ्या सगळ्या खटाटोपातून निष्पन्न काय, असं वाटलं असेल तर तेही महत्त्वाचं उत्तर आहे, वाईट नव्हे. अशी माणसं आकडेवारीत, क्लिनिकल ट्रायलमध्ये किंवा रजिस्ट्रीत, म्हणजे कॅन्सर रुग्णांच्या नोंदींवर, उत्तम काम करतात आणि कॅन्सरला त्यांची गरज आमच्याइतकीच आहे.

बाकी वेळ कशात जातो? सीरम संपलं म्हणून इंडेंट, म्हणजे खरेदीचा अर्ज, भरण्यात. उंदरांच्या प्रयोगासाठी प्राणी नैतिकता समितीपुढे एकेक उंदीर का लागतो याचा हिशेब देण्यात. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तबकात बुरशी येते, तो सगळा धुऊन काढण्यात. गणपतीत लॅब रिकामी असते, पण पेशींना सुट्टी कळत नाही. अनंत चतुर्दशीला ढोल ऐकत मीडिया बदलणारं कोणीतरी प्रत्येक लॅबमध्ये असतं, आणि पहिल्या वर्षी ते कोणीतरी तू असशील.

माझं एक नुकसान सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका ओळखीच्या लॅबकडून पेशी आणल्या. फार छान ‘इन्व्हेड’ करायच्या, म्हणजे पोखरत पलीकडे जायच्या. चौदा महिने त्यांच्यावर काम केलं, आलेख मनासारखे, गाईड खूश. मग एका लॅबमेटनं दुसऱ्याच कारणासाठी त्या डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगानं रंगवल्या आणि मला बोलावलं. केंद्रक निळे दिसायला पाहिजेत, ते दिसत होतेच. पण प्रत्येक केंद्रकाभोवती निळी धूळ उडाल्यासारखे बारीक ठिपके होते. मायकोप्लाझ्मा. हा जिवाणू इतका लहान की मीडिया गढूळही होत नाही, पेशी मरतही नाहीत, फक्त त्यांचं वागणं बदलतं. चौदा महिन्यांतला एकही आकडा मी थीसिसमध्ये घेतला नाही. ज्या दिवशी पेशी आल्या त्याच दिवशी तीस मिनिटांची तपासणी केली असती तर हे टळलं असतं. चूक माझी. तेव्हापासून माझ्या लॅबमध्ये बाहेरून आलेला फ्लास्क पंधरा दिवस वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहतो, लग्नघरी आलेल्या पाहुण्यासारखं थेट माजघरात कोणाला घेत नाही.

आणि हे फक्त नवशिक्यांच्या बाबतीत होत नाही. एमडीए-एमबी-४३५ या नावाच्या पेशी जगभर स्तनाच्या कॅन्सरच्या म्हणून वापरल्या जात होत्या. उंदरात झकास पसरायच्या, म्हणून आमच्या विषयात त्या लाडक्या. २००० मध्ये त्यांच्या जनुकांचा नमुना बघितला तर तो त्वचेच्या मेलॅनोमासारखा निघाला, आणि पुढे त्या एम१४ या मेलॅनोमाच्याच पेशी असल्याचं सिद्ध झालं. तोवर त्यांच्यावर शेकड्यांनी पेपर निघालेले. म्हणून कुठल्याही लॅबमध्ये गेलीस की विचार: पेशींची एसटीआर तपासणी, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणं, शेवटची कधी केली? उत्तर देताना समोरचा चिडला तर तिथून चहा पिऊन निघ.

जाता जाता आणखी एक सावधगिरी. एखादा अर्क पेशींवर टाकायचा, प्लेटवर टिपनं ओरखडा काढायचा, ओरखडा उशिरा भरला की ‘पसरणं थांबलं’ असा निष्कर्ष, अशा धाटणीचे प्रकल्प तुला भरपूर देऊ केले जातील. ओरखडा उशिरा भरतो तो पेशींची वाढ मंदावल्यानेही. वाढ वेगळी थांबवून तपासलं का, हे आधी बघ. हळदीतल्या कर्क्यूमिनवर काम करायला कोणी दिलं तर दुप्पट सावध हो, ते स्वतःच हिरवट चमकतं आणि फ्लुरोसन्सच्या, म्हणजे पेशींची चमक मोजण्याच्या, मापात लुडबुड करतं. हळद भाजीत उत्तम.

आता मुंबईचा मुद्दा, कारण तू बंगळुरूला जाऊ का असंही आडून विचारलं आहेस. बंगळुरूत लॅब चांगल्या आहेत, जाऊ नको असं म्हणणार नाही. पण या विषयासाठी मुंबईत एक गोष्ट आहे: रुग्ण. परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासून उभं आहे, १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे गेलं, आणि त्याचंच संशोधन केंद्र ॲक्ट्रेक खारघरला आहे. पवईला आयआयटीत पेशींच्या यांत्रिकीवर काम चालतं, कुलाब्याला टीआयएफआर ही मूलभूत संशोधन संस्था. पश्चिमेकडच्या बऱ्याचशा तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी जिभेवरच्या गाठींपासून काढलेल्या. आपल्याकडे तंबाखू-चुना, मिश्री, गुटखा गालात धरून ठेवण्यानं होणारा गाल-हिरडीचा कॅन्सर मोठ्या प्रमाणात आहे, तुझ्या आजोबांचा होता तोच. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, वॉर्डात तसं वाटत नाही. हा आजार समजून घ्यायचा तर आपल्याच रुग्णांचं टिश्यू हवं, आणि ते ऑपरेशन थिएटरमधून अर्ध्या तासात लॅबला पोचायला हवं. बर्फाचा डबा, त्यात गुलाबी मीडियाची ट्यूब, ट्यूबमध्ये चण्याएवढा तुकडा, आणि तो हातात धरून लिफ्टची वाट बघणारी दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. हे दृश्य मुंबईत रोजचं आहे.

त्या तुकड्यासाठी आधी रुग्णाची संमती लागते. माझ्या सुरुवातीच्या काळात एक आजोबा होते, मराठवाड्यातले, नातेवाईक धर्मशाळेत उतरलेले. मी फॉर्म वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, “ह्यानं माझ्या दुखण्याला काही गुण येईल का, ताई?” फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं असतं की तुम्हाला थेट फायदा होणार नाही. तेच मी चार शब्द फिरवून सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं. “म्हणजे नाही. मग घ्या की. तसं पण फेकूनच देणार ना.” आणि अंगठा पुढे केला. फॉर्म वाचायला मी आजही विद्यार्थ्यांना पाठवते, पण ‘नाही’ हा शब्द आधी आणि स्पष्ट म्हणायला लावते.

रुग्ण जवळ असण्याचा दुसरा फायदा असा की प्रश्न खरे मिळतात. टाटामध्येच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी एक साधा दिसणारा प्रश्न घेतला. तोंडाचा सुरुवातीचा कॅन्सर आहे, मानेत हाताला गाठ लागत नाही. तरी मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की वाट बघून गाठ आली तरच काढाव्यात? जगभरचे सर्जन यावर वर्षानुवर्षं भांडत होते. ५०० रुग्णांचा निकाल २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात आला. आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. याचा अर्थ आमच्या भाषेत काय? हाताला लागायच्या कितीतरी आधी पेशी मानेत पोचलेल्या असतात. मग कोणाच्या पोचतात आणि कोणाच्या नाही? उरलेल्यांची मान विनाकारण उघडायला नको, हे आधी ओळखता येईल का? या एका प्रश्नावर पाच पीएच.डी. होतील.

दुसरं उदाहरण डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाचं, २०२३ मध्ये छापलेलं. स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १६०० बायका. निम्म्यांना ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, म्हणजे दाताच्या दवाखान्यात भूल द्यायला वापरतात तेच. पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ९०.१ टक्के, न टोचलेल्यांत ८६.४. गाठ हाताळताना पेशी सैरावैरा होऊ शकतात, आणि पेशींच्या हालचालीत सोडियमच्या वाहिन्यांचा हात असतो, ज्या लिडोकेन बंद करतं, असा त्यामागचा विचार. चार टक्क्यांच्या आतबाहेरचा फरक, औषध काही रुपयांचं. नेमकं आत काय घडतं हे मात्र अजून लॅबमध्ये नीट उलगडायचं आहे. मला विचारशील तर या विषयातल्या चकचकीत पेपरांपेक्षा मला हे जास्त आवडतं, आणि मी सर्जन नसल्यामुळे त्यात माझा काही स्वार्थ नाही.

वर्षं आणि पैसे. हे पटकन सांगते, कारण लपवण्यासारखं काही नाही आणि सजवण्यासारखंही नाही. पीएच.डी. पाच ते सहा वर्षं. उंदीर असतील तर सहा धर. नंतर पोस्टडॉक, म्हणजे दुसऱ्याच्या लॅबमध्ये संशोधन, तीन ते पाच वर्षं, बहुधा बाहेरगावी किंवा परदेशी. स्वतःची लॅब मिळालीच तर पस्तिशीच्या आसपास. फेलोशिप २०२३ च्या वाढीनंतर जेआरएफला, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोला, महिना ३७,०००, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे सीनियर, झालीस की ४२,०००, वर घरभाडं भत्ता. हॉस्टेल मिळालं तर भत्ता नाही. पीएच.डी.नंतर रिसर्च असोसिएटला ५८,००० ते ६७,०००. यात मुंबईत भाड्यानं एकटं राहणं कठीण, घरून येजा करणार असशील तर बरं चालतं. एक गोष्ट घरी आधीच सांगून ठेव: पैसे दर महिन्याला येतीलच असं नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचे सात महिन्यांचे एकदम आले. तोवर मोठ्या भावाकडून उसने. माझ्या मते सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय कोणी पीएच.डी.ला येऊ नये, पण हे बोलणं सोपं आहे हेही मला कळतं.

दारं कुठली? सीएसआयआर-यूजीसीची नेट, आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभाग) जेआरएफ परीक्षा, टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा. ॲक्ट्रेकची निवड वेगळी होते आणि पदवी होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटची मिळते. दोन-तीन दारं एकदम ठोठाव. एक वर्ष हुकलं तर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम धर, नुसती घरी बसून नेटची तयारी करू नकोस. एका वर्षात हात तयार होतो आणि लॅब आतून दिसते.

नोकरीचं खरं चित्र असं की माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी स्वतःची लॅब चालवणारे थोडे आहेत. बाकीचे हॉस्पिटलांच्या मॉलिक्युलर लॅबमध्ये, औषध कंपन्यांच्या संशोधन विभागात, क्लिनिकल ट्रायलमध्ये. दोघी पेटंटकडे वळल्या, एक वैद्यकीय लेखन करते आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कमावते. पेशी हाताळता येणाऱ्यांना अलीकडे नवीन वाट झाली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या भारतीय बनावटीच्या कार-टी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून परत देण्याच्या) उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. तो रक्ताच्या कॅन्सरवरचा, आपल्या विषयाचा नाही. पण तिथं लागते ती स्वच्छ कल्चर करण्याची सवय तीच. बाहेरून परत यायचं असेल तर रामलिंगस्वामी आणि इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत, त्याची काळजी आत्ता करू नकोस.

आत्ता काय शिकायचं तेवढं सांगते. स्टॅटिस्टिक्स, मनापासून. थोडं आर किंवा पायथन, म्हणजे आकडे हाताळायच्या संगणकभाषा. फिजी या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं मोजायला. आणि पॅथॉलॉजी, ज्याकडे तुमच्या एम.एस्सी.वाल्यांचं कायम दुर्लक्ष होतं. पॅथॉलॉजिस्टच्या शेजारी बसून शंभर स्लाइड बघितल्यास तर गाठीची कड कुठे गुळगुळीत आहे आणि कुठे बोटं फुटल्यासारखी आत घुसली आहे, हे डोळ्यांना कळायला लागतं. मी ते तिशीनंतर शिकले, उशीर झाला.

लॅब निवडताना गाईडपेक्षा तिथल्या विद्यार्थ्यांशी बोल, आणि कँटीनमध्ये बोल, लॅबमध्ये नको. तीन गोष्टी विचार: शेवटचा विद्यार्थी किती वर्षांत सुटला, मध्येच सोडून कोण गेलं, आणि प्रयोग फसला असं सांगितल्यावर सर किंवा मॅडम काय म्हणतात. तिसऱ्या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की उत्तर मिळालं समज.

राहिलं आजोबांचं. अर्जात एका ओळीत लिही, जास्त नको. मी अर्ज वाचते तेव्हा निम्म्याहून जास्त पत्रांत घरातलं कोणीतरी असतं, आजी, मामा, वडील. त्यावरून मी कोणाला घेत नाही आणि नाकारतही नाही. मुलाखतीत मात्र मी त्याबद्दल विचारते, आणि बहुतेक मुलं तिथं अडखळतात, कारण आठवण असते पण माहिती नसते. तुझ्या आजोबांच्या ऑपरेशननंतरचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट घरात कुठंतरी फाइलमध्ये असेल, रेशनकार्डाच्या आसपास शोध. त्यात गाठ आत किती खोल गेली ते मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. पाचच्या आत, पाच ते दहा की दहाच्या वर, यावरूनही आता टप्पा ठरवला जातो. मानेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि त्यातल्या किती बाधित निघाल्या, तेही दोन आकड्यांत असेल. बाधित ग्रंथी बाहेर फुटली होती का, मज्जातंतूभोवती पेशी होत्या का, हेही एकेका ओळीत. तो कागद समोर ठेव, प्रत्येक ओळीचा अर्थ शोध, आणि जी ओळ असूनही फुफ्फुसाचं पुढचं काहीच सांगता येत नव्हतं तिच्याखाली रेघ मार. मुलाखतीला येताना तो कागद बरोबर आण.